खालच्या ओळीतला चेहरा

१५ जून, रविवार

काल निकाल लागला. श्रुतीचं मेडिकलचं काही खरं नाही. थोडक्यात गेलं असतं तर रडता तरी आलं असतं, पण लांबच राहिलं. ती शांत होती. "आई, पेपर सुटल्यावरच सांगितलं होतं मी तुला." सांगितलं होतं, खरंय. मी ऐकलं नव्हतं.

आमचे हे दोन घास कसेबसे खाऊन मुरुडला दुकानात गेले. पेरणीचे दिवस, बियाण्याच्या दुकानाला रविवार नसतो. जाताना श्रुतीकडं बघितलंसुद्धा नाही.

मी सकाळच्या बसनं लातूरहून नांदेडला. डीटीपीचा रविवारचा वर्ग बुडवता येत नाही, बाया घरची कामं टाकून येतात. आज पानावरची उतरंड शिकवली. सगळ्यात महत्त्वाचं काय ते आधी ठरवा, ते मोठं करा, आणि बाकीचं लहान करायची हिंमत दाखवा. सगळंच मोठं केलं की काहीच मोठं राहत नाही. एकीनं विचारलं, "मॅडम, लहान कुणाला करायचं हे कोण ठरवतं?" म्हटलं, गिऱ्हाईक.

परतीच्या बसमध्ये, मी ज्यांच्या जाहिराती करते त्या मेडिकलच्या क्लासच्या सरांचे तीन फोन. "मॅडम, निकालाची फुल पेज जाहिरात बुधवारच्या पेपरात पायजे. तीच चौकातल्या बोर्डांवर." श्रुती त्यांच्याच क्लासला दोन वर्षं जात होती. तिचं काय झालं ते विचारलं नाही. कशाला विचारतील? यादी त्यांच्या ऑफिसातच आहे की.

१६ जून

दिवसभर दुसऱ्यांची लेकरं ओळीत बसवली. गाल घासले, केस काळे केले, मागची भिंत काढून टाकली. पहिला आलेला पोरगा वीतभर मोठा, त्याच्या खालचे चार बोटं, शेवटच्या ओळीतले काडेपेटीएवढे. मार्कांप्रमाणे माप. मी हे आठ वर्षं करतेय, आजच का टोचावं?

चारी बाजूंनी जरा मार्जिन सोडलं होतं. सरांचा फोन. "हे पांढरं पांढरं काय सोडलंय? पेपरवाला त्याचे पैसे घेतो मॅडम." म्हटलं, सर, डोळ्याला थांबायला जागा लागते. "डोळ्याला नका थांबवू, अ‍ॅडमिशनला थांबवा." स्वतःच्याच विनोदावर हसले. मार्जिन काढलं. अजून दोन पोरं मावली.

श्रुती मागून येऊन बघून गेली. "सगळे ओळखीचे आहेत," एवढंच म्हणाली.

१७ जून

खालच्या ओळीतल्या एका पोराच्या बापाचा क्लासच्या ऑफिसात फोन. शेजारच्या क्लासनंही त्याला आपला म्हणून घेतलाय, तुमच्या जाहिरातीतून फोटो काढून टाका म्हणाला. दोन बैलगाड्यांवर एकच पोतं. सर म्हणाले, "काढा त्याला. दुसरा फोटो लगेच पाठवतो."

ओळीत भोक पडलं की खालची सगळी पट्टी सरकते. म्हणून त्या चौकटीत तात्पुरता डमी टाकला. माझ्या डमीत कायम श्रुतीच असते. अकरावीला काढलेला फोटो, क्लासच्या निळ्या शर्टातला. छपाईत कातडीचा रंग कसा उतरेल ते तिच्या गालावरून कळतं. नावही तिचंच, कारण "श्रु" नीट बसला की समजायचं, हा फॉन्ट कुठं फुटणार नाही.

दुसरा फोटो आला नाही. पेपरवाले ओरडायला लागले. मधेच लाइट गेली, इन्व्हर्टर कुंथत होता. ऑफिसनं कळवलं, प्रूफ ओके. पाठवून दिली फाइल.

१८ जून

छापून आलं. खालची ओळ, उजवीकडून दुसरी. श्रुती. खाली शेजारच्या चौकटीतल्या पोरीचे मार्क, मीच डमीत कॉपी केलेले.

डमी काढायचा राहिला. प्रूफ बघणाऱ्यानं वरची ओळ बघितली असेल, खाली कोण बघतंय. पण शेवटचा डोळा माझा होता. माझ्या हातनं गेलं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा काय वाटलं ते इथं लिहिते, दुसरीकडं कुणाला सांगणार? छान दिसत होती. क्षणभर बरं वाटलं. मग मार्क वाचले.

पेपर श्रुतीनंच आणून टेबलावर ठेवला. "हे तू केलंस?"
"चुकून राहिलं गं."
"चुकून?"
तिनं पेपरची नीट घडी घातली, जशी इस्त्रीच्या कपड्याची घालतो तशी, आणि आत गेली.

१९ जून

सकाळपासून फोन. गल्लीतल्या बाया घरात. "लपवून ठेवलंत व्हय! आम्हाला पेपरात वाचायला लावलं." मी प्रत्येकीला सांगितलं, चूक झालीय, ती आपली नव्हे, म्हणजे आपलीच पण मार्क तिचे नव्हेत. त्या हसतात. त्यांना वाटतं, दृष्ट लागू नये म्हणून बोलतेय.

हे मुरुडहून गळ्यात हार घालून आले. हातात पेढ्यांचा पुडा.
"हे काय?"
"दुकानात लोक आले. मी काय म्हणू?"
"चुकून छापलंय म्हणायचं!"
"म्हटलं की एकदा. कोण ऐकतंय? छापून आलंय ना." मग जरा थांबून, "अन् तिकडं मुरुडला आईनं महादेवाला अभिषेक घातलाय. आता तिला कोण सांगणार?"
तुम्ही, असं म्हणणार होते. पण हार काढताना त्यांचं तोंड बघितलं. असं खुललेलं तोंड मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याचाच जास्त राग आला.

श्रुती जेवायला बाहेर आली नाही. पेढे फ्रिजमध्ये.

२० जून

सरांकडे गेले. एसी एवढा की हात गार पडले. म्हटलं, उद्याच्या पेपरात छोटा खुलासा द्या, चूक माझी म्हणून माझ्या नावानं द्या.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "मॅडम, अ‍ॅडमिशनच्या तोंडावर एक चेहरा खोटा निघाला की लोक बाकीचे मोजायला बसतील. तुम्ही डिझायनर हाव, तुम्हीच सांगा, एक वीट काढली तर भिंत राहती का?"

मी मान हलवली, नाही राहत. कारण रचना अशीच असते. एका ओळीतले सगळे चेहरे सारख्या मापाचे, सारख्या अंतरावर, सारख्या निळ्या पट्टीवर का ठेवते मी? एकेकाकडं कुणी बघू नये म्हणून. बघणाऱ्याला भिंत दिसावी, माणूस दिसू नये. मीच बांधलीय.

बोर्डातून तरी काढा म्हटलं. "बोर्ड काल रात्रीच छापून गेले. आपलं लातूर, नांदेड, भोकर, उमरी, सगळे स्टँड." आणि निघताना, "पोरगी फोटोत लई गोड दिसती हं."

२२ जून, रविवार

श्रुती म्हणाली, मी येते नांदेडला, मंगल मावशीकडं राहते. मंगल माझी धाकटी बहीण, काही विचारत नाही, म्हणून श्रुतीला आवडते. कपडे जरा जास्तच घेतले होते तिनं. पिशवी मीच उचलली.

अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तर समोर बोर्ड. तिनं स्कार्फ नाकावर ओढून घेतला. शेजारच्या सीटवरच्या बाईला वाटलं असेल, धुळीचं.

वर्गात आज ओळ धरणं शिकवायचं होतं. पानावरची प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी कडेला लागून उभी असली पाहिजे, अधांतरी काही ठेवू नका. अर्ध्यात सगळं विसरले. एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमची मुलगी आलीय ना पेपरात? आम्हाला पेढे न्हाईत का?" म्हटलं, चुकून आलीय. सगळा वर्ग हसला. मीपण हसले. हसणं सगळ्यात वाईट झालं.

२५ जून

रज्जाकभाईंच्या प्रेसवर गेले. बोर्ड त्यांच्याच मशिनवर निघालेत. त्यांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही हसले नाहीत. त्यासाठीच गेले होते बहुतेक.

"पूरा बोर्ड उतरवला तर सर माझं काम बंद करतील, ताई. पट्टी मारू. फोन नंबर चुकला की मारतो तशी. तुमच्या चौकातल्या बोर्डाला आधी मारू, सर काय म्हणतात बघू, मग बाकीचे."

दुपारी ते स्वतः शिडीवर चढले. पांढऱ्या फ्लेक्सचा तुकडा, श्रुतीच्या चेहऱ्यावर आणि नावावर. खाली उतरून म्हणाले, "झालं. आता कोणी न्हाई तिथं." रात्री मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२६ जून

सकाळी शेजारच्या काकू दारात. चप्पल बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन. आत येऊन माझा हात धरला आणि रडायलाच लागल्या. "कसं झालं हो? एवढी हुशार पोर."

मला आधी कळेचना. मग कळलं, बोर्डावरची पट्टी बघून आल्यात. म्हटलं, काकू, जित्ती आहे ती, नांदेडला आहे. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच दुसरं, हळू आवाजात, "मग काय, कुणासंगं...?"

म्हणजे मेली नाही तर पळून गेली. तिसरं काही असूच शकत नाही. बोर्डावर चेहरा झाकायला कारण लागतं, आणि आपल्याकडं कारणं दोनच.

यांचाही फोन, ओरडत. मुरुडला कुणीतरी दुकानात येऊन विचारून गेलं, माती कधी दिली. "कुणी सांगितलं होतं तुला चिकटवायला?"

मी रविवारी काय शिकवते? सारख्या ओळीत एक गोष्ट वेगळी केली की डोळा आधी तिथं जातो. आजवर खालच्या ओळीत कुणी बघत नव्हतं. मी पांढरा तुकडा लावून अख्ख्या चौकाला बोट दाखवलं. एवढी साधी गोष्ट, पाठ आहे मला, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी सुचली नाही.

रज्जाकभाईंना फोन केला. ते शिडी घेऊन आले, पट्टी काढली. काढताना गालावरचा थोडा रंग घेऊन निघाली. आता त्या सगळ्यांत तिचाच एक गाल पांढुरका.

२९ जून, रविवार

वर्ग लवकर सोडला. मंगलकडं श्रुती भाकरी करत होती. आमच्या घरी कधी केली नाही तिनं. बरी जमते.

मी मजकूर लिहून नेला होता. माझ्या नावानं, माझ्या खर्चानं, पेपरात द्यायला. अमुक तारखेच्या जाहिरातीत माझी मुलगी श्रुती हिचा फोटो माझ्या चुकीनं छापला गेला, ती उत्तीर्णांमध्ये नाही, संबंधितांची क्षमा. चार ओळी. चांगला फॉन्ट निवडला होता, सरळ, नम्र.

तिनं पिठाच्या हातानं कागद धरून वाचला.
"म्हणजे पहिल्यांदा पास म्हणून छापलंस, आता नापास म्हणून छापणार."
"खरं आहे ते, श्रुती."
"खरं माझं आहे ना, आई? मी सांगीन ज्याला सांगायचं त्याला. तू कशाला छापतीस?"
भाकरी करपली. मंगलनं काढली.

येताना बसमध्ये कागद फाडला. वाईट ह्याचं वाटतं की तिचं बरोबर आहे. मला तिचं नाव निर्मळ करायचं होतं की माझं, ते मलाच सांगता येईना.

३ जुलै

आज सर घरी आले! खुर्चीच्या कडेवर बसले, पोहे संपवले. म्हणाले, "मॅडम, मी विचार करून राहिलो. श्रुतीला रिपीटर बॅचला बसवा. आपल्याकडून, फी नको. पहिल्या बाकावर. पुढच्या वर्षी तिला खऱ्यानं आणू त्याच पानावर. मग खोटं कोण म्हणणार? फक्त एक वर्ष आधी छापलं."

एक वर्ष आधी छापलं. माणूस हुशार आहे, नाही म्हणता येत नाही.

यांचे डोळे चमकले. "बघ! देवासारखे आले सर." मी चहाच्या कपबशा उचलत होते, हातातच राहिल्या.

रात्री जेवताना श्रुतीला फोन लावला, स्पीकरवर. ती एका दमात म्हणाली, "पप्पा, मी नाही बसणार परत. मला भूगोल घेऊन बी.ए. करायचंय. इथं नांदेडला. सोमवारी अ‍ॅडमिशन आहे. आई, तू येतीस का? पालक लागतात."
हे म्हणाले, "भूगोल? लोक काय म्हणतील? डॉक्टर झालेली पोरगी भूगोलाला?"
"कोण डॉक्टर, पप्पा?"
हे आता माझ्याकडं बघून राहिले. मी म्हणाले, येते. त्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. आमटी सांडली चादरीवर.

ह्या घरात मी तिच्या बाजूनं काही बोलायची ही पहिलीच वेळ असावी. फार उशीर झाला.

७ जुलै, सोमवार

अ‍ॅडमिशन झालं. पण जे झालं ते वेगळंच झालं. लिहून ठेवते.

कॉलेजच्या व्हरांड्यात लांब रांग. श्रुती पुढं, मी मागं. गरमीनं तिनं स्कार्फ काढला होता. पुढं उमरीची एक बाई, मोठ्या लेकीला घेऊन आलेली. बोलकी. पिशवीतून काकडी काढून आम्हाला दिली. श्रुतीकडं बघता बघता थांबली.
"काहून गं बाई, तुला पाहिल्यासारखं वाटून राहिलं. हाव! आमच्या उमरीच्या स्टँडवर! त्या बोर्डावर खाली हाय ना तू? डॉक्टर झालेली?"

रांगेतली चार डोकी वळली. मी तोंड उघडलं. खरं तेच सांगणार होते, अगदी शपथेवर. श्रुती आधी बोलली.
"ती माझी बहीण आहे."
सहज. काकडी खात खात.
"असं का! अगदी तुझ्यावाणी."
"हो. ती हुशार आहे. डॉक्टर होणार."
बाई माझ्याकडं वळली. "दोन्ही तुमच्याच?"

श्रुतीनं माझ्याकडं बघितलं नाही. कागदांची थैली छातीशी धरून सरळ समोर बघत होती. तिच्या मानेची शीर तेवढी दिसत होती. मला वाटलं, आता नाही म्हटलं तर ही पोर परत कधी माझ्याशी बोलणार नाही.
"हाव," मी म्हणाले.
"नशीबवान हाव बाई तुम्ही. एक घरात, एक बोर्डावर." मग लगेच, "त्या पोरीचा नंबर द्या न. आमची बारकी दहावीला हाय. लई पाठीमागं लागते मेडिकल मेडिकल. दोन शब्द सांगील ती."
मी माझाच नंबर दिला.

रिक्षात श्रुती बाहेर बघत म्हणाली, "आई, बरं झालं ना? आता तुम्हाला दोघी. पप्पांना ती ठेव. मला राहू दे इथंच."
मी म्हटलं, असं नको बोलू.
"मग कसं बोलू? तूच सांग, तू हाव म्हणालीस."
मंगलच्या दारात उतरताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, जसा म्हाताऱ्या माणसाच्या ठेवतो. मी तशीच त्याच रिक्षानं स्टँडवर.

८ जुलै

सरांचा निरोप आलाय, उदगीरच्या नव्या शाखेला तोच बोर्ड पाहिजे, फाइल पाठवा, "काही बदल नको." मी कळवलं, त्या मुलीला काढल्याशिवाय फाइल देणार नाही. त्यांनी वाचलंय. उत्तर नाही. काम गेलं तर गेलं. पण बाकीचे बोर्ड आहेत तिथंच आहेत, पुढच्या निकालापर्यंत.

यांना भूगोलाचं सांगितलं. ते म्हणाले, "मुरुडला नको सांगू सध्या."

आत्ता दुपारी उमरीहून मेसेज आला. त्या बाईची धाकटी. एवढं शुद्ध लिहिलंय, पुन्हा पुन्हा खोडून लिहिलं असणार बिचारीनं.
"नमस्कार श्रुती ताई. मी उमरीची. आईने नंबर दिला. मी रोज बोर्डावर तुम्हाला बघते. ताई, तुम्ही रोज किती तास अभ्यास करत होता? माझे पाच होतात. कमी आहेत का?"

मी तीनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. आता तिनं पुन्हा एक पाठवलंय, "ताई बिझी असाल तर नंतर सांगा."